डावं पुढचं, परत

"काका, चालते. फक्त थोडं काम आहे," असं म्हणून त्या मुलाने गाडी स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि ती लगेच एका अंगाला कलंडली. पार्किंगमधली ट्यूब फडफडत होती, त्यात दिसणार तरी काय. सेकंडहँडच्या दुनियेत "थोडं काम आहे"चा अर्थ काय होतो ते मला चांगलं ठाऊक आहे, याच तीन शब्दांवर मी आधी एक स्कूटर आणि एक वॉशिंग मशीन घेतलेलं आहे, तरी पण ११ हजार मोजले, रिमोट, एक फुगलेली बॅटरी आणि सुट्या स्क्रूंनी भरलेला श्रीखंडाचा डबा असं सगळं पिशवीत घातलं आणि घरी आलो. बायकोने पिशवीत डोकावून एवढंच विचारलं, "हे आपल्या कचऱ्यातलं आहे की लोकांच्या?"

गाडी म्हणजे रिमोटची, पण ती भुर्रकन पळणारी नव्हे. रॉक क्रॉलर. ॲक्सियल कंपनीची एससीएक्स टेन टू, २०१६ साली आलेलं मॉडेल, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचं, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ३१३ मिलिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा बोटभर जास्त. वर जुन्या जीप चेरोकीची बॉडी. हिचं काम एकच, दगडावर चढायचं, तेही माणूस फिरायला निघाल्यावर चालतो त्याहून हळू. सोसायटीतली पोरं जमतात, दोन मिनिटं बघतात, "काका पळवा ना" म्हणतात आणि ही पळत नाही हे कळलं की बॅट उचलून निघून जातात. पळणाऱ्या गाड्या मी पण घेऊन बघितल्यात, त्यात तीन सेकंद मजा येते आणि चौथ्या सेकंदाला गाडी फुटपाथच्या कडेला असते.

हा नाद मूळचा अमेरिकेतला. तिकडे युटातल्या मोआबला १९६७ पासून ईस्टरच्या वेळी जीपवाले दगडांवर गाड्या घालायला जमतात, कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉनच्या वाटेवर तर १९५३ पासून. रिमोटच्या गाड्यांमध्ये हे आलं तेव्हा क्रॉलर म्हणून दुकानात काही मिळतच नव्हतं, मग लोकांनी तामियाची १९८७ ची क्लॉड बस्टर धरली, मोठाल्या चाकांची मॉन्स्टर ट्रक, जिच्या प्रत्येक ॲक्सलवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, स्वतःची मोटर असते आणि चारही चाकं वळतात, तिचे ॲक्सल काढले आणि मधला सांगाडा आपापल्या हाताने बनवला. म्हणजे हा छंद जन्माला आला तोच मुळी दुसऱ्या गाडीचे तुकडे जोडून. हे मी बायकोला सांगितलं. काही उपयोग झाला नाही.

जेवणं झाल्यावर टेबलावर पेपर अंथरला, क्लिपा काढल्या आणि बॉडी उचलली. आत लाल माती वाळून टणक झालेली, मधल्या शाफ्टला सुकलेलं गवत गुंडाळलेलं, सुगरण घरटं करायला बसली होती की काय असं. आणि दुरुस्त्या. किती दुरुस्त्या! खालच्या स्किड प्लेटची तडा गेलेली कड एमसीलने भरलेली, त्यात बोटाचा ठसा स्पष्ट उमटलेला. मागच्या वरच्या दोन लिंकांपैकी, म्हणजे ॲक्सल सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांपैकी, एक कंपनीची आणि दुसरी चक्क छत्रीच्या दांड्याची. बॅटरीचा ट्रे झिप टायने बांधलेला. स्क्रू बघाल तर एक ॲलनचा, एक चौकटीचा, आणि गिअरबॉक्सच्या प्लास्टिकमध्ये एक चक्क लाकडात मारायचा.

बॉडीच्या आतून, पुढच्या बाजूला, मास्किंग टेपची एक पट्टी चिकटवलेली होती. त्यावर मार्करने लिहिलं होतं, "डावं पुढचं". त्याखाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं, "डावं पुढचं, परत".

मी त्या पार्किंगमधल्या पोराला मनातल्या मनात जे काही म्हणालो ते इथे लिहीत नाही. अरे एवढी महागाची गाडी, जिचे पार्ट मागवायचे तर माल परदेशातून येणार, कस्टम ड्युटी लागणार, आणि हा तिला छत्री लावतो?

पुढचे आठ-दहा दिवस रोज रात्री साडेनऊनंतर तासभर मी हीच एक गोष्ट केली. स्क्रू काढले. ऐकायला सोपं वाटतं. एम थ्रीचे स्क्रू, त्यांना २ मिलिमीटरची ॲलन की लागते, आणि झिजलेल्या कीने जोर लावला की स्क्रूच्या डोक्यातलं षटकोनी भोक गोल होऊन जातं, मग की नुसती फिरते. या गाडीतली निम्मी भोकं गोल झालेली. त्यात कुणीतरी धातूतल्या स्क्रूंना निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावतात तो गोंद, अगदी सढळ हाताने लावलेलं, भेळेवर चिंचेचं पाणी घालावं तसं. उपाय मला जुनाच माहीत होता: सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरायचं, लॉकटाइट तापून मऊ होतं, मग ताऱ्याच्या आकाराचा टॉर्क्स बिट, किंचित मोठा, हलक्या हाताने हातोडीने ठोकून बसवायचा आणि एका दमात फिरवायचा. निघताना एक बारीक "टक्" असा आवाज येतो. तो आवाज ऐकायला मी किती रात्री जागलोय. मुलगी एकदा पाणी प्यायला उठली तर म्हणाली, "बाबा, तू अजून त्याच स्क्रूवर आहेस?" होतो त्याच स्क्रूवर.

बॅटरीचं कोडं मात्र लगेच सुटलं. टू एस लिपो होती, म्हणजे लिथियम-पॉलिमरचे दोन सेल, एकेक ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. लिपोचं नाटक असं की सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की आतून खराब व्हायला लागतो आणि पोट फुगतं. मोटरचा वेग सांभाळणारा जो डबा असतो, ईएससी, त्यात बॅटरी ठराविक पातळीला आली की गाडी थांबवायची सोय असते, पण त्याला सांगावं लागतं की बाबा बॅटरी लिपो आहे. या ईएससीवर ते सांगायला एक इवलासा जंपर आहे, काळ्या प्लास्टिकची टोपी, दोन पिनांवर बसवायची. ती जुन्या निकेलच्या बॅटरीच्या जागी बसवलेली होती. त्यामुळे गाडी शेवटच्या थेंबापर्यंत चालत राहायची, चालवणारा खूश, बॅटरी मेली. जंपर उचलून शेजारच्या पिनांवर ठेवला. अर्धा सेकंद. ती फुगलेली बॅटरी वाळू भरलेल्या कुंडीत ठेवून बाल्कनीत नेली आणि नंतर ई-कचरावाल्यांना दिली, कुणी गंमत म्हणूनसुद्धा असली बॅटरी परत चार्जिंगला लावू नका, आगीशी खेळ आहे तो.

बेअरिंगसाठी नाना पेठेत गेलो. चाकांजवळची सगळी गंजली होती, फिरवली की वाळू चावल्यासारखं व्हायचं. बेअरिंगवाल्यांशी बोलायचं तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी एवढंच बोलायचं, बाकी कथा सांगायची नाही. मी मात्र कथा सांगायला सुरुवात केली. काउंटरमागच्या काकांनी हात वर केला. "माप?" म्हटलं ५-१०-४. "म्हणजे एमआर १०५. किती?" आठ म्हटलं. पुडकं बांधता बांधता मग त्यांनीच विचारलं, "कुठल्या मशीनला लावताय?" म्हटलं रिमोटच्या गाडीला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, आणि दोन बेअरिंग जास्तीची टाकली. पैसे घेतले नाहीत. का ते मला अजून कळलेलं नाही, बहुतेक कीव आली असावी.

आता चाकांकडे येतो, कारण माझं मत बदललं ते चाकांपाशी.

क्रॉलरची चाकं बीडलॉकची असतात, म्हणजे टायर रिंगला चिकटवत नाहीत, बाहेरून एक कडं येतं आणि ते बारीक स्क्रूंनी टायरची कड चिमटीत धरतं. माझ्या एका चाकाला १२ स्क्रू, अशी चार चाकं, करा हिशोब. टायरमध्ये हवा नसते, फोम असतो, तो दगडावर दबतो आणि रबर दगडाला कवटाळतं, सगळी पकड तिथून येते. पहिलं चाक उघडलं तर फोमच्या जागी भांडी घासायचे स्पंज. पिवळे-हिरवे, उभे कापून, गोल बसवलेले. मी कपाळावर हात मारला. मग दाबून बघितलं, आणि दोन्ही हातांनी परत दाबून बघितलं. हिरवी खरखरीत बाजू आत, रिंगकडे, म्हणजे घट्ट भाग आत आणि मऊ भाग बाहेर टायरकडे. विकत मिळणारे चांगले फोम असेच दोन थरांचे असतात, आत कडक, बाहेर नरम. हे चुकून होत नाही.

आणि रिंगच्या आतल्या बाजूला, स्पंजच्या खाली, शिशाच्या छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगला लावतात ना, त्या. पुढच्या दोन्ही चाकांत गच्च, पूर्ण गोल. मागची चाकं उघडली, त्यात एकही नाही.

मी बराच वेळ तसाच बसलो. कारण क्रॉलरमध्ये वजन कुठे ठेवायचं हेच तर सगळं शास्त्र आहे. चढावर गाडीचा भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात, गाडी नाक वर करते आणि पाठीवर पडते. म्हणून वजन खाली आणि पुढे हवं. पण ते बॉडीत किंवा सांगाड्यात भरलं तर स्प्रिंगा दबतात आणि गाडी वरून जड होते, म्हणून स्प्रिंगच्या खाली, थेट चाकात. तिकडचे लोक यासाठी पितळेचे पार्ट विकत घेतात, भरपूर पैसे देऊन. याने पंक्चरवाल्याकडून शिशाच्या पट्ट्या आणल्या.

मग मी त्या छत्रीच्या दांड्याकडे परत गेलो. व्हर्नियर लावला. कंपनीची लिंक आणि छत्रीची लिंक, दोन्हींच्या टोकांच्या भोकांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखं. मागचे दोन्ही वरचे दांडे सारखे नसतील तर ॲक्सल तिरपा बसतो आणि गाडी कुत्र्यासारखी वाकडी चालते. त्याने नळीच्या दोन्ही टोकांना आटे पाडून त्यात स्टड बसवला होता, वरून एमसील, आणि एमसील वाळल्यावर पॉलिश पेपरने घासलेला. पॉलिश पेपरने! जो माणूस कुणालाही न दिसणारा एमसील घासतो त्याला मी आठ दिवस गाढव म्हणत होतो.

रात्री पार्किंगवाल्या मुलाला मेसेज टाकला, म्हटलं अरे, वजनाचं डोकं मस्त लावलंयस. त्याचं उत्तर सकाळी आलं. "कसलं वजन काका? मी कधी उघडलीच नाही. घेतली तशीच दिली तुम्हाला." कुणाकडून घेतली विचारलं तर म्हणाला, होस्टेलवरचा कुणीतरी होता, नंबर नाही आता.

होस्टेल म्हटल्यावर बरंच काही आपोआप जागेवर बसलं. घासणी मेसमधली. छत्री कुणाची तरी, त्या मुलाला बिचाऱ्याला अजून माहीत नसेल. लाकडाचा स्क्रू टेबलाचा असणार.

नवीन पार्ट मी मागवले, नाही असं नाही. स्किड प्लेट, स्क्रूंचा अख्खा संच, पुढच्या ॲक्सलचे युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असलं तरी त्याला फिरवत ठेवणारे सांधे. ॲक्सल उघडले, ग्रीस बदललं. या गाडीत डिफ, म्हणजे डिफरेन्शियल, लॉक केलेलं असतं, म्हणजे एका ॲक्सलची दोन्ही चाकं कायम एकत्रच फिरतात. तुमच्या-माझ्या गाडीचं एक चाक चिखलात नुसतंच फिरत राहतं आणि दुसरं गप्प बसतं ते उघड्या डिफमुळे, इथे एक चाक हवेत असलं तरी दुसरं दगड ओढत राहतं. गिअरच्या दातांत फट किती ठेवायची तर साध्या वहीच्या कागदाची पट्टी मध्ये घालायची, मोटर दाबून घट्ट करायची, पट्टी फिरवून काढायची. ती सुरकुतलेली पण न फाटलेली निघाली की झालं. शॉकमध्ये सिलिकॉन तेल भरलं आणि बुडबुडे जायची वाट बघत कपबशीच्या स्टँडवर ते चार शॉक रात्रभर उभे ठेवले, सकाळी त्यावरून जे काही बोलणं झालं ते सोडून देतो.

छत्री तशीच ठेवली. सर्व्हो पण तसाच ठेवला, म्हणजे पुढची चाकं वळवणारी मोटर, मेटल गिअरची होती, चांगली ताकदीची, म्हटलं चालतंय ते कशाला उघडा. अख्ख्या गाडीत मी न उघडलेली ती एकच वस्तू. मास्किंग टेपवरचं "डावं पुढचं" डोक्यात होतंच, म्हणून डाव्या पुढच्या चाकाचा जॉइंट काढून बघितला, त्याची टाच झिजून चमकत होती, नवीन घातला आणि मनात म्हटलं, चला, त्याचं राहिलेलं काम आपण केलं.

रविवारी सकाळी वेताळ टेकडी. वर जुनी दगडाची खाण आहे, तिथले कापलेले काळे कातळ म्हणजे क्रॉलरसाठी पंचपक्वान्नं. आपला बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला, खरखरीत, रबराला असा धरतो की सोडत नाही. मधेमधे मुरूम आणि वाळलेलं गवत, तिथे मात्र चाक सटकतं. याच टेकडीच्या अंगावर एआरएआय आहे, खऱ्या गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था, आणि वर मी छत्री लावलेली गाडी घेऊन. लांब कुठेतरी मोर ओरडत होता.

चालवताना पहिली सवय मोडावी लागते ती दगड टाळायची. रस्त्यावर आपण दगड दोन चाकांच्या मध्ये घेतो. इथे तसं केलं की दगड पोटाला लागतो आणि चारही चाकं हवेत हात हलवतात. चाक दगडावरच ठेवायचं. बोट ट्रिगरवर जेमतेम टेकवायचं, टायर दबतो, क्षणभर वाटतं आता सटकणार, मग रबर कातळात रुततं आणि ती सगळी गाडी एका बाजूने हळूच वर येते, म्हातारी जिना चढताना आधी एक पाय टेकवून मग दम घेते तशी. गुडघाभर उंचीचा एक तिरपा कातळ होता, तिच्या बापाला पण जमला नसता असं वाटलं, पण नाक उचललं गेलं नाही. शिसं बोलत होतं. मागचा ॲक्सल पार तिरका झाला तरी छत्री हूं की चूं नाही. फिरायला आलेले एक आजोबा थांबले, शांतपणे सगळं बघितलं आणि पुण्यात विचारायचा तोच प्रश्न विचारला, "केवढ्याला?" मी पाच हजार सांगितलं. त्यांना ते पण जास्त वाटलं.

आणि मग डावीकडे पूर्ण वळवून एका खाचेतून निघताना आवाज आला. कट्. कट्. कट्.

डावं पुढचं. परत.

उकिडवा बसलो. उजवीकडे पूर्ण वळवून चालवली, आवाज नाही. डावीकडे वळवली, कट् कट्. म्हणजे नवाकोरा जॉइंट पण ओरडतोय, म्हणजे आजार जॉइंटचा नाहीच. मग पहिल्यांदा मी गाडी समोरून नीट बघितली. रिमोट डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, परत डावीकडे. उजवीकडे चाकं वळतात त्यापेक्षा डावीकडे बरीच जास्त वळत होती. सर्व्होचा हॉर्न, म्हणजे त्याच्या डोक्यावरचा तो छोटा हात, चाकं सरळ असताना उभा पाहिजे. तो एका बाजूला झुकलेला होता, आणि तो झुकाव भरून काढायला स्टिअरिंगचा दांडा पाच-सहा आटे बाहेर काढून लांब केलेला. या सर्व्होच्या डोक्याला २५ दाते आहेत, हॉर्न एक दाता चुकला की १४.४ अंशांचा फरक. दांडा लांब करून चाकं सरळ दिसतात, पण हॉर्न तिरपा असल्यामुळे एका बाजूला ढकलणं जास्त होतं आणि दुसऱ्या बाजूला कमी. डावीकडे वळताना डावं चाक आतलं, त्यालाच सगळ्यात जास्त वळावं लागतं, जॉइंट आपल्या हद्दीच्या बाहेर जातो, तिथे अडकतो, ओरडतो, झिजतो. त्याने जॉइंट बदलला असणार, आवाज थांबला असणार चार दिवस, मग परत. मी पण तेच केलं. पार्ट मागवून, ड्युटी भरून.

दुपारी जेवून काम काढलं. रिमोट चालू करून ट्रिम, म्हणजे स्टिअरिंगचा मध्य इकडेतिकडे सरकवायची सोय, शून्यावर आणली, सर्व्हो आपोआप मध्यावर आला, हॉर्न उपसून एक दाता सरकवून उभा बसवला, दांडा परत आटे फिरवून आखूड केला, रिमोटमधून डावीकडची हद्द थोडी कमी केली. वीस मिनिटं. त्यातली पंधरा खाली पडलेला स्क्रू शोधण्यात. फरशीवर डावीकडे पूर्ण वळवून चालवली, सोफ्याभोवती दोन चकरा, आवाज नाही.

बॉडी बसवण्याआधी उलटी करून ती पट्टी बघितली. काढून टाकणार होतो. मुलीच्या दप्तरातून स्केचपेन घेतला आणि खाली उरलेल्या जागेत लिहिलं, "डावं नाही. हॉर्न बघ." मास्किंग टेपवर स्केचपेन धड उठत नाही, तीन वेळा गिरवावं लागलं. जांभळा होता, तोच हाताला लागला.